सेंटा

ब्युरेटच्या नळाला व्हॅसलीन मीच लावतो.
सहा ब्युरेट. दोन गळके,
एकाचे आकडे घासून घासून गेलेले,
तो आजाऱ्यासारखा कपाटात मागे उभा असतो.
मुफुलिराच्या या शाळेत बावीस वर्षं
मी द्रावणं तयार करतोय.
परमँगनेटने बोटं तपकिरी झालीत,
चर्चमध्ये हात मिळवताना लोक आधी बोटांकडे बघतात.

सिम्पासा बाई सांगतात:
थेंबाथेंबाने सोडा, फ्लास्क फिरवत राहा.
जांभळा आत पडेल आणि नाहीसा होईल,
पडेल आणि नाहीसा होईल,
लोहाकडे द्यायला काही आहे तोवर.
मग एक थेंब असा येईल
की लोहाची झोळी रिकामी.
फिकट गुलाबी. तो तीस सेकंद टिकला
की वाचन लिहा.

तीस सेकंद.
बाई हे म्हणतात तेव्हा मी खिडकीकडे बघतो.

वाऱ्याचं काही सांगता येत नाही.
स्मेल्टरकडून फिरला की तो येतो,
इथे त्याला सेंटा म्हणतात.
पुस्तकातलं नाव लांब आहे, सल्फर डायऑक्साइड,
खोकल्याच्या मधे मावत नाही.
आधी घशात उतरतो, मग वाळत घातलेल्या कपड्यांत,
मग छपरांवर.
कांकोयोचे पत्रे चाळणीसारखे झालेत.
अंगणात भाजी धरत नाही.
आंबा तेवढा उभा आहे, कशाच्या जोरावर ते त्यालाच ठाऊक.

परीक्षेच्या दिवशी चिलेक्वाचा नंबर खिडकीपाशी आला.
पहिलं वाचन चोवीस पूर्णांक सहा.
दुसऱ्या वेळी गुलाबी आला, ती मोजू लागली,
नुसते ओठ हलत होते,
सतराला रंग गेला.
आणखी एक थेंब. अकराला गेला.
आणखी एक.
तेवढ्यात मागच्या टेबलावर कुणीतरी खोकलं,
मग दुसरं,
आणि माझ्या लक्षात आलं, तिच्या फ्लास्कात
कोण हात घालतंय.

खिडकी लावायला धावलो.
तिथे काच नाहीच, पुठ्ठा आहे,
मीच ठोकलेला, मार्चमध्ये.

शेजारच्या मुलाने चोवीस सहा तीनदा लिहिलं.
शहाणा आहे. सारखी वाचनं मागतात,
त्याने सारखी दिली.
चिलेक्वाने लिहिलं:
चोवीस सहा. पंचवीस एक. पंचवीस नऊ.
आणि खाली, जिथे लिहायला जागाच ठेवलेली नाही,
बारीक अक्षरात: हवा धरून.

तिचा बाप टँकहाउसमध्ये.
त्याच्या टाक्यांत अशुद्ध तांबं एका पत्र्यावरून झिजतं
आणि समोरच्यावर चढतं,
जाड, शुद्ध, नवजात बाळाच्या तळव्यासारखं.
तो ते धुतो, रचतो, आगगाडी घेऊन जाते.
तळाला काळा गाळ बसतो, त्यात सोनं असतं म्हणे.
गाळ त्याने पाहिलाय.
आमच्या सेलला लागणारी तांब्याची पट्टी
एकदा जेवणाच्या डब्यातून आली.
मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

जस्त, तांबं, मधे मिठाच्या पाण्यात भिजलेला गाळणकागद.
व्होल्टमीटर एक पूर्णांक शून्य चार दाखवतो,
पुस्तकात एक पूर्णांक एक.
उरलेलं कुठे गेलं, पोरं विचारतात.
गळतं, म्हणतो मी,
माझ्या ब्युरेटसारखं.

देतो त्याचं ऑक्सिडीकरण, घेतो त्याचं क्षपण.
ज्याला मिळालं त्याच्याच नावात क्षय कसा,
हे पहिल्या वर्षी बाईंना विचारलं होतं.
त्या हसल्या, म्हणाल्या, प्रभाराचा हिशेब आहे तो,
माणसांचा नाही.

संध्याकाळी वारा पडला.
चिलेक्वाचा फ्लास्क धुवायचा राहिला होता.
मी ब्युरेटमधून एक थेंब सोडला. गुलाबी.
मोजलं. तीसला होता.
चाळीसलाही होता.
साठला मी मोजणं सोडलं.
पेपर तोवर सीलबंद होऊन
लुसाकाच्या रस्त्याला लागले होते.

पाणी आठनंतर जातं.
मी फ्लास्क धुतला.